टीव्हीखालचा समुद्र

दोन महिन्यांपूर्वीच्या एका शुक्रवारी रात्री अकरा वाजता आमच्या टीममधल्या एकाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. पठ्ठ्याने बाणेरला नवा फ्लॅट घेतलाय, इंटीरियर चालू आहे. फोटोत हॉलची भिंत, भिंतीत टीव्हीची जागा आणि टीव्हीच्या खाली कडप्प्याची एक लांबलचक फळी ठोकलेली खाच. खाली मेसेज: "इथे रीफ टँक बसवायचाय. निमो, डोरी, कोरल, सगळं. उद्या दुकानात चल ना, तुला त्यातलं कळतं."

मी "नाही" एवढंच टाइप केलं आणि झोपलो. सकाळी उठून बघतो तर चौदा मेसेज. "का रे?", "भाव खातोस का?", "स्वतःकडे आहे ना तुझ्या?" वगैरे वगैरे. त्याला जे उत्तर द्यायचं होतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. त्याच्या निमित्ताने बाकीच्यांनाही. कारण गेल्या वर्षभरात हा तिसरा. पगारवाढ झाली, फ्लॅट झाला, एसयूव्ही बुक झाली, आता भिंतीत समुद्र पाहिजे.

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. रीफ टँक ही शोभेची वस्तू नाही, आणि शोभेची वस्तू म्हणून ज्याला तो हवाय त्याने तो घेऊ नये. "विचार करून घ्या", "जबाबदारीने घ्या" असलं गुळमुळीत मी सांगणार नाही. घेऊ नये.

आधी त्या खाचेचंच बघू, कारण इंजिनिअर आहोत आपण (निदान डिग्रीवर तरी तसं लिहिलंय). दीड मीटर लांब, ४० सेंटीमीटर खोल, ४० उंच. म्हणजे २४० लिटर. पाण्याचेच २४० किलो, मिठाने थोडे वरच. काच, दगड, वाळू धरली तर सव्वातीनशे किलोच्या पुढे. हे सगळं ०.६ चौरस मीटरवर. राहत्या खोल्यांचा स्लॅब डिझाइन करताना आपल्याकडे चौरस मीटरला साधारण २०० किलो लोड धरतात, आणि इथे साडेपाचशेच्या आसपास जातंय. म्हणून उद्या स्लॅब खाली येईल असं नाही, कारण उरलेली खोली रिकामी असते आणि भिंतीलगत, बीमजवळ वजन ठेवलं तर चालून जातं. पण तुझं वजन स्लॅबवर आहे कुठे? ते भिंतीत खोचलेल्या कडप्प्यावर आहे. सव्वातीनशे किलो म्हणजे आपल्या टीममधले चार जण त्या फळीवर चोवीस तास, वर्षानुवर्षं, मांडी घालून बसलेत असं समज. त्यातला एक मी आहे, आणि माझं वजन तुला माहितीये.

बरं, समजा लोखंडी स्टँड केला. वरून हात घालायला जागा कुठे आहे? वर टीव्ही. रीफ टँकमध्ये आठवड्यातून तीन-चारदा कोपरापर्यंत हात घालावा लागतो. बंद खाचेत हवा खेळत नाही, खारं पाणी उडून वाळतं आणि मिठाचा पांढरा थर प्लगपर्यंत चढत जातो. मीठ हवेतला ओलावा ओढतं. ओलं मीठ आणि २३० व्होल्ट. यावर कॉमेडी करायची माझी इच्छा नाही, कारण पुढची गोष्ट माझ्या घरातली आहे.

२०२२ ची गोष्ट. मी तेव्हा कर्वेनगरला एका जुन्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत होतो. ९० बाय ४५ बाय ४५ चा टँक, १८० लिटर. त्याच्याखाली कपाट, कपाटात सम्प. सम्प म्हणजे खालची दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपने त्यात उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. दोन क्लाउनफिश, एक टँग, दोन कोळंब्या. यूट्यूबवर बघून सगळं स्वतः जोडलेलं, आणि भयंकर अभिमान. ऑफिसात जो भेटेल त्याला फोटो दाखवायचो.

एका गुरुवारी सकाळी दहाला वीज गेली. दुरुस्तीचं काम होतं, आदल्या दिवशी मेसेजही आलेला. मी वाचला होता आणि विसरलो होतो. पंप बंद पडला की वर गेलेलं पाणी त्याच पाइपमधून उलटं खाली येतं. ते थांबावं म्हणून पाइपला पाण्याच्या रेषेजवळ एक बारीक भोक पाडतात, त्यातून हवा शिरली की सायफन तुटतो. माझ्या पाइपला भोक होतं. शेवाळाने बुजलेलं होतं. मी ते लावल्यापासून एकदाही साफ केलं नव्हतं. वरच्या टँकमधलं एक सेंटीमीटर पाणी म्हणजे चार लिटर. पाच सेंटीमीटर जास्तीचं उतरलं, वीस लिटर, आणि सम्पमध्ये जागा होती दहाची. उरलेले दहा लिटर कपाटात. कपाटाच्या तळाला एक्स्टेंशन बोर्ड. तो तिथेच का ठेवला? वायरी दिसू नयेत म्हणून. चांगलं दिसावं म्हणून.

त्या आठवड्यात आई कराडहून आलेली होती. कपाटातून पाणी येताना तिने बघितलं, फडक्याने पुसून घेतलं. संध्याकाळी पाचला वीज आली, कपाट गुणगुणायला लागलं. आत अजून ओल आहे असं दिसलं म्हणून तिने ओलं फडकं घेऊन आत हात घातला. अनवाणी.

तिला झटका बसला आणि ती मागे फेकली गेली. कोपर सुजलं, बाकी काही झालं नाही. काही झालं नाही यात माझं कर्तृत्व शून्य. त्या घरात ईएलसीबी नव्हता, आणि तो नाही हे मला माहितीही नव्हतं. आईने उठून पहिलं काम काय केलं तर मेन स्विच पाडला. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांपेक्षा तिचा एक सेकंद जास्त शहाणा. मग मला फोन केला. "अरे, तुझ्या माशांच्या पेटीत करंट येतोय."

मी रिलीजच्या कॉलवर होतो. मी विचारलं, "मासे कसे आहेत?"

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिला बरं आहे का हे विचारायच्या आधी मी मासे कसे आहेत ते विचारलं. वर "कशालाच हात लावू नकोस, मी आलोच" म्हणालो आणि रिलीज संपवून रात्री अकराला पोचलो. ती सहा तास अंधारात खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. टँग पाण्यावर तरंगत होता. एक क्लाउन कोपऱ्यात पृष्ठभागाशी तोंड उघडून श्वास घेत होता, तो पहाटे गेला. कोळंब्याही गेल्या. खाऱ्या पाण्यात मुळात गोड्यापेक्षा ऑक्सिजन कमी विरघळतो, गरम असलं तर आणखी कमी. पाणी हलायचं थांबलं की काही तासांत तो संपतो. तेरा तास कोण टिकणार? एक क्लाउन टिकला.

असो.

आता तू म्हणशील, "माझी बिल्डिंग नवी आहे, ईएलसीबी आहे, जनरेटर आहे." जनरेटर कशाला आहे ते विचार आधी. बहुतेक सोसायट्यांत तो लिफ्टला, जिन्याच्या दिव्यांना आणि पाण्याच्या पंपाला असतो. आणि ईएलसीबी आहे तर त्याचं टेस्टचं बटण शेवटचं कधी दाबलंस? टँकसाठी ३० मिलिअँपिअरचा वेगळा लावून घे, महिन्यातून एकदा बटण दाबून तो पडतो का बघ. आणि घरातला एकच ईएलसीबी टँकलाही आणि बाकी घरालाही असेल तर फ्रिजच्या खोडीने तो पडेल आणि तू गोव्यात असताना टँक मरेल. बोर्ड जमिनीवर नाही, भिंतीवर, टँकच्या बाजूला, पाण्याच्या वाटेत नाही असा. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये शिरायच्या आधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोक्यातून खाली टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. फुकटचा उपाय आहे. मी किती घरांत हा झोका बघितलाय? एकाही नाही. हजारो रुपयांची दिवाबत्ती मात्र सगळीकडे. तुझ्या घरात तीन वर्षांची पोर आहे, तिचा हात नेमका त्या खाचेच्या उंचीला येतो. मी नाही म्हणालो त्यातलं निम्मं कारण हे आहे.

उरलेलं निम्मं माशांबद्दल आहे, आणि इथे मला दुकानदारांशी भांडायचंय.

माझा पहिला टँक जिथून घेतला तिथल्या माणसाने मला तीन वाक्यांत तीन थापा मारल्या. "हे बॅक्टेरियाचं पाणी टाका, आजच मासे सोडा." "टँग एवढाच राहतो." "महिन्यातून एकदा आमचा माणूस येईल, तुम्हाला काही करायला नको." तिन्ही मला ऐकायच्याच होत्या, म्हणून पटल्या. थाप विकली जाते ती विकत घेणारा उभा असतो म्हणून, हेही खरं.

पहिली थाप. मासे अमोनिया सोडतात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वाळूवर वसायला लागतात, त्याला साधारण चार ते सहा आठवडे जातात. बाटलीतल्या जिवाणूंनी हा काळ थोडा कमी होऊ शकतो, पण झाला की नाही हे टेस्ट किट सांगतं, दुकानदार नाही. अमोनिया घालून बघा, चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तर झालं. नाही आले तर थांबा. आपण कोड टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकला तर फार तर क्लायंट ओरडतो. इथे कल्ले जळतात.

दुसरी थाप. डोरी, म्हणजे ब्लू टँग, तिच्या नैसर्गिक वाढीत तीसेक सेंटीमीटरची होते. तुझ्या खाचेची खोली ४० आहे. तिला नीट वळताही यायचं नाही. आणि दुकानात जी मिळते ती जवळजवळ नेहमी समुद्रातून पकडलेलीच असते. बंदिस्त पैदास जमली हे फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं तेच मुळी २०१६ साली. गोड्या पाण्यातले बरेचसे शोभेचे मासे शेतीसारखे वाढवलेले असतात. समुद्री माशांचं उलट आहे, बहुतेक जाती रीफवरूनच येतात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सोडियम सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडायची रीत पडली. बंदी असूनही ती पुरती थांबलेली नाही. सायनाइडने मासा गुंगतो, त्याच्या आजूबाजूचं प्रवाळ मरतं, आणि तो मासा दिसायला ठणठणीत असून पुढे काही आठवड्यांत यकृताने दगा दिल्यामुळे मरू शकतो. मग आपण म्हणतो "पाणी मानवलं नाही". आणि दुसरा आणतो.

"दुसरा आणतो" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. क्लाउनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षं जगल्याच्या नोंदी आहेत. वीस वर्षं! कुत्र्यापेक्षा जास्त. कुत्रा मेला म्हणून सोमवारी ऑफिसला जाता जाता दुसरा आणला असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे तुम्ही कसे बघाल?

तिसऱ्या थापेवर, म्हणजे "माणूस येईल" यावर, पुढे बोलतो. त्याच्या आधी प्रवाळ, कारण इथे नुसती हौस-मौज नाही, कायदा आहे आणि तो आमच्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती, काळं प्रवाळ, फायर कोरल, समुद्रपंखे, शिवाय समुद्रघोडे, हे सगळं २००१ मध्ये १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. शिक्षा तीन ते सात वर्षं. जिवंत असो वा मेलेलं, समुद्रातून काढलेल्या प्रवाळाचा व्यापार करता येत नाही. "साहेब, हे लाइव्ह रॉक आहे, कोरल नाही" असं म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा असतो. कारखान्यात बनवलेले सच्छिद्र दगड मिळतात, जिवाणूंना तेवढंच पुरतं.

हा कायदा कागदी आहे असं वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण घ्या. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या अठरा वसाहती निघाल्या. हो, मुंबईत! त्या गढूळ पाण्यात! हजारो कोटींचा प्रकल्प, पण त्या अठरा वसाहती हलवायला वनखात्याची परवानगी घ्यावी लागली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घेऊन २०२० साली त्या दुसरीकडे बसवल्या. अठरा. आणि आपण शनिवारी दुपारी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक घरी घेऊन येतो, बिलावर "ॲक्वेरियम साहित्य" लिहून. कसलंही बिल न देणारेही आहेत म्हणा.

तुझ्या यादीतल्या "कोरल" या शब्दात आणखी एक गंमत आहे. बटणांसारखे दिसणारे रंगीत झोअँथिड बऱ्याच जणांना आवडतात, सोपे म्हणून दिले जातात. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, निसर्गातल्या जहाल विषांपैकी एक. अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान दुकानात आणि घरात असे दगड हाताळताना माणसं आजारी पडली: ताप, खोकला, श्वासाचा त्रास, तोंडात धातूसारखी चव. त्या दगडांवर गरम पाणी ओतलं किंवा ते उकळले की विष वाफेबरोबर हवेत जातं. आपल्याकडे टँक साफ करायला दगड उकळा असा सल्ला सर्रास दिला जातो. कोण देतं हा सल्ला? तोच, ज्याचा माणूस महिन्यातून एकदा येणार असतो.

आता तो माणूस. महिन्यातून एकदा येऊन काच पुसणारा आणि पाणी बदलणारा माणूस तुमचा टँक जिवंत ठेवू शकत नाही, कारण टँक दर महिन्याला मरत नाही, तो दर दिवशी मरतो. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. २४० लिटरच्या उघड्या टँकमधून उन्हाळ्यात रोज तीन-चार लिटर सहज उडतात. ते भरून काढायचं गोड्या पाण्याने. खाऱ्या पाण्याने भरलं तर क्षारता चढतच जाते. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, तिथे ती राहिली पाहिजे. तापमान २४ ते २७. प्रवाळ असेल तर अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, तिन्ही. आकडा अचूक असण्यापेक्षा तो रोज तोच असणं महत्त्वाचं. समुद्र एवढा मोठा असतो की तिथे काहीच झटकन बदलत नाही. २०२४ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली ती नेहमीपेक्षा थोडंच जास्त गरम पाणी बरेच आठवडे तसंच राहिलं म्हणून. तुमच्या टँकला तेवढी गरमी चढायला पुण्यातली मे महिन्यातली एक दुपार पुरते, वर दिवे आणि पंप आतून गरम करतात ते वेगळंच. म्हणजे चिलर आला. हिशोब करून बघ: दिवे १२० वॅट नऊ तास, पंप-स्किमर-वेव्हमेकर मिळून ८० वॅट चोवीस तास, चिलर २५० वॅट दहा तास. दिवसाला साडेपाच युनिट, महिन्याला १६५. चिलरची उष्णता कुठे जाते? त्या बंद खाचेत. टीव्हीच्या खाली.

नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन, फॉस्फेट काय काय असतं. आरओ आणि त्यापुढे डीआय लावून टीडीएस शून्य करावा लागतो, आणि घरगुती आरओ एक लिटर चांगल्या पाण्यामागे तीन-एक लिटर गटारात घालतो. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत बसून हे करायचं. आणि अलिबागहून कॅन भरून आणायचं डोक्यात असेल तर राहू दे. किनाऱ्याच्या पाण्यात गाळ, तेल, सांडपाणी, पावसाळ्यात क्षारताही घसरलेली.

मग लोक म्हणतात, "ऑटोमेशन करू!" इथे आपली जमात सगळ्यात जास्त घसरते. कंट्रोलर, डोसिंग पंप, वायफायचा प्रोब, मोबाइलवर ग्राफ. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी स्वतः हे सगळं केलंय, मजा येते, नाकारत नाही. पण पाणी भरणाऱ्या यंत्राचा एक फ्लोट स्विच गोगलगाय बसल्याने अडकला तर ते तीस लिटर गोडं पाणी टँकमध्ये ओतून मोकळं होतं. हीटरचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत चिकटला तर मासे शिजतात. एकच सेन्सर, एकच रिले, बॅकअप नाही: असं डिझाइन रिव्ह्यूला कुणी आणलं तर आपण त्याची सालं काढू. घरी मात्र तेच डिझाइन आणि अ‍ॅपवर हिरवा टिकमार्क. ग्राफ बघणं म्हणजे टँक बघणं नव्हे. मासा आज खायला आला नाही हे कुठलाच प्रोब सांगत नाही.

आणि आजारपण? नव्या माशाबरोबर व्हाइट स्पॉट येतो. त्याचं औषध तांबं, आणि तांब्याने कोळंब्या, गोगलगाई, प्रवाळ मरतात. म्हणजे औषध वेगळ्या टाकीतच द्यावं लागतं, आणि मुख्य टँक दोन-अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो, तेव्हा कुठे परजीवी उपासमारीने संपतो. त्यापेक्षा प्रत्येक नवा मासा आधीच महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा. तुझ्या थ्रीडी डिझाइनमध्ये ही दुसरी टाकी कुठे आहे रे? बाल्कनीत? बेडरूममध्ये? इंटीरियरवाल्याला विचार.

आता सगळ्यात रास्त प्रश्न, जो त्या चौदा मेसेजांत चारदा होता: मग तू का ठेवतोस?

कारण तो एक क्लाउन वाचला. त्याचं मी काय करणार होतो? समुद्रात सोडायचा? परका मासा, त्याच्यासोबत टँकमधले रोगजंतू, कुठल्याही समुद्रात सोडणं हा दुसरा गुन्हा झाला असता. दुकानाला परत द्यायचा? त्यांनी तो पुढच्या आठवड्यात आणखी कुणाच्या तरी वीस लिटरच्या भांड्यात विकला असता. म्हणून ठेवला. आज त्याच्याबरोबर पैदास केंद्रातली एक मादी आहे. क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कधीच बसवलंय, तेव्हा समुद्रातला निमो घ्यायला आता काही निमित्तच उरलेलं नाही. प्रवाळ नाही, अ‍ॅनिमोनी नाही, टँग नाही. दोन मासे, बनवलेले दगड, गोगलगाई. बोर्ड भिंतीवर, बॅटरीवरचा हवेचा पंप वीज गेली की आपोआप चालू होणारा, सायफनच्या भोकात दर रविवारी टूथपिक. दिसायला तो तुझ्या इंटीरियरवाल्याच्या थ्रीडीसारखा अजिबात नाही. आई आली की अजूनही त्याच्यापासून दोन हात लांबून जाते, आणि मी त्यावर काही बोलत नाही.

काही जण याच्याही पुढे जाऊन म्हणतात की घरात मासा ठेवणंच पाप. त्यांच्याशी माझं पूर्ण जमत नाही. मालवणला पाण्यात उतरून प्रवाळ बघणं कधीही चांगलं, पण मला ते बघायला जावंसं वाटलं तेच मुळी घरच्या टँकमुळे. पैदास केलेले दोन मासे वीस वर्षं नीट सांभाळणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. माझं भांडण खाच आधी पाडून मग त्यात काय भरायचं ते ठरवणाऱ्याशी आहे.

तर हे सगळं मी त्या मित्राला थोडक्यात ऐकवलं आणि वर एक अट घातली. साधा साठ-सत्तर लिटरचा टँक घे, स्टँडवर, खाचेत नाही. मीठ घालून पाणी भर. मासा एकही नाही, दगड दुकानातून नाही, मी देतो. सहा आठवडे चालव. रोज गोडं पाणी भर, दर रविवारी क्षारता, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजून वहीत लिही. रिकाम्या पाण्याच्या पेटीसाठी सहा रविवार उठलास तर सातव्या शनिवारी मी स्वतः तुझ्याबरोबर येतो, दुकानात नाही, पैदासवाल्याकडे.

वाटलं होतं चिडेल. चिडलाच, तीन दिवस बोलला नाही. मग टँक घेतला. काल त्याचा तिसरा रविवार. क्षारतेचा आकडा पाठवला: १.०३१. आठवडाभर मिठाचंच पाणी वरून भरत होता.

मी म्हटलं, पहिल्यापासून मोज. सहा आठवडे आजपासून.